क्यू बोटांतून सरकतच नाही, काय करू?

प्रश्न: मी दोन वर्षं पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळतोय, आठवड्यातल्या तीन संध्याकाळी क्लबमध्ये असतो. नेम चांगला आहे असं सगळे म्हणतात. पण ज्या डाव्या हातावर क्यू, म्हणजे खेळायची काठी, टेकवतो तो हातच मला दगा देतो. पहिले दोन-तीन डाव छान जातात, मग क्यू बोटांत चिकटायला लागतो. क्यूला आधार देणारी हाताची मांडणी म्हणजे ब्रिज; तर्जनी क्यूभोवती वळवून, बंद ब्रिज करून खेळायची मला सवय आहे. टाल्कम पावडर लावली की दहा मिनिटं बरं वाटतं, नंतर पुन्हा तेच, किंबहुना जास्तच. परवा क्लबच्या व्यवस्थापकांनी टेबलावरचे पांढरे पंजे दाखवून मला सगळ्यांसमोर सुनावलं. ग्लव्ह घ्यावा म्हटलं तर मित्र हसतात. मागच्या महिन्यात क्लबच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत डाव जिंकून देणारा आठ नंबरचा बॉल अगदी सरळ रेषेत होता, हातभर अंतरावर. क्यू मध्येच अडखळला आणि बॉल पॉकेटच्या तोंडाशी आपटून परत आला. तेव्हापासून कितीही सोपा शॉट असला तरी आधी हाताकडेच लक्ष जातं.
– चिकट हाताचा खेळाडू

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. चुकलेला आठ नंबर कुणीही विसरतो. पण टेबलावर वाकल्यावर नजर बॉलवर असताना मन डाव्या हातात अडकून राहणं, याने खेळाचा आनंदच जातो. मी या अवस्थेतून गेले आहे. खेळायला लागले तेव्हाची काही वर्षं माझ्या खिशात पावडरची डबी असायची. सामन्याआधी पावडर, दोन डावांनी पावडर, अवघड शॉटआधी पुन्हा पावडर. एका स्पर्धेत चौथ्या डावापर्यंत माझ्या अंगठ्याच्या खाचेत करड्या-निळ्या रंगाचा लगदा साचला होता आणि क्यू चिखलातून ओढल्यासारखा चालत होता. समोरच्या बाई माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आणि अनुभवी होत्या. सामना संपल्यावर त्यांनी माझा क्यू मागितला, आपल्या हातावर चार वेळा पुढेमागे केला आणि म्हणाल्या, "हात धुऊन काय होणार? हा क्यूच चिकट आहे."

तोवर हे मला सुचलंच नव्हतं. म्हणून तुम्हालाही सगळ्यात आधी हीच अदलाबदल करून बघायला सांगते. पुढच्या वेळी क्यू चिकटायला लागला की खेळ थांबवा. ज्याचा हात कोरडा आहे अशा मित्राला तुमचा क्यू त्याच्या ब्रिजवर चालवून बघायला सांगा, आणि त्याचा क्यू तुम्ही तुमच्या हातावर चालवा. तुमचा क्यू त्याच्याही हातात अडखळला तर दोष क्यूचा. त्याचा क्यू तुमच्या हातात अडखळला तर दोष हाताचा. दोन्हीकडे अडखळला तर दोन्हीचा, आणि तुमचं पत्र वाचून मला तीच शंका जास्त आहे. मात्र दोन्ही क्यू दोन्ही हातांवर नीट सरकले आणि तरीही शॉटच्या वेळी अडखळ होत असेल, तर कारण तुमच्या बोटांच्या कड्यात आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण उपांत्य फेरीतल्या त्या शॉटचं मूळ मला तिथंच दिसतं.

पावडरची अडचण अशी, की ती या तिन्ही दोषांवर दहा मिनिटं पांघरूण घालते. मग कुठला दोष आपला, हे कळायला वावच राहत नाही.

आधी हाताचं बघू. कोरडी कातडी लाकडावरून सरकते, पूर्ण ओली कातडीसुद्धा निसटते, पण किंचित दमट कातडी चिकटते. नोटा मोजताना किंवा पान उलटताना आपण बोट जरासं ओलं करतो ते याचसाठी. तुमचा हात दोन-तीन डावांनंतर नेमका त्या दमट टप्प्यावर येतो. शिवाय तळहाताच्या घामाचं उकाड्याशी जेवढं नातं आहे त्याहून जास्त मनावरच्या ताणाशी आहे. म्हणून थंडगार वातानुकूलित हॉलमध्येही आठ नंबर समोर आला की पंजा ओला होतो. यात तुमचा काही दोष नाही, सगळ्यांची शरीरं अशीच चालतात.

हे चिकटणं सलग असतं तरी एक वेळ सवय झाली असती. पण ते तसं नसतं. जड कपाट ढकलताना ते आधी हलत नाही, आपण जोर वाढवतो, आणि मग ते एकदम झटक्यात पुढे जातं. क्यूचं तेच होतं. मागे खेचून तो पुढे आणताना क्षणभर बोटांची कातडी त्याच्याबरोबर पुढे ताणली जाते, मग सुटते, आणि त्या सुटण्याच्या क्षणी क्यूचं टोक रेषेवरून जरासं हलतं. पूलच्या बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर. क्यूची टिप, म्हणजे टोकावरचं चामडं, साधारण 12 ते 13 मिलिमीटरची आणि वरून गोलाई दिलेली, त्यामुळे बॉलला ती प्रत्यक्षात चिमूटभर जागेतच भिडते. तो स्पर्श मधल्या रेषेपासून दोन-तीन मिलिमीटर बाजूला गेला की पांढऱ्या बॉलला न मागितलेली फिरकी मिळते आणि त्याची वाटही किंचित वाकते. तुमचा शॉट सरळ होता, तुम्ही नेम बरोबर धरला होता, तरी तो चुकला, त्याचं कारण हे.

हातासाठी उपाय साधा आहे आणि लोक तोच टाळतात: साबणाने हात धुवा. नुसत्या पाण्याने तेलकटपणा जात नाही. धुतल्यावर टॉवेलने बोटांच्या बेचक्यांसकट पुसा आणि लगेच टेबलाशी जाऊ नका, दोन-तीन मिनिटं हात उघडे राहू द्या. धुतल्याधुतल्या कातडीत ओलावा असतो आणि तेव्हा क्यू आणखीच चिकटतो, म्हणून "धुऊनही काही फरक पडत नाही" असं कित्येकांना वाटतं. खेळायच्या आधीच्या तासाभरात क्रीम लावू नका. सॅनिटायझरही जपून वापरा. त्यातलं अल्कोहोल उडून जातं, पण बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहून चिकटतं. तेलकट काही खाल्लंत तर फक्त उजव्या हाताने खाल्लं म्हणून डावा हात स्वच्छ आहे असं धरून चालू नका, आपण दोन्ही हात एकमेकांना सतत लावत असतो.

डावांच्या मधे दोन छोटे सुती रुमाल ठेवा, एक ओलसर आणि एक कोरडा. आधी ओलसर, मग कोरडा. घाम नुसता वाळला तर त्यातलं मीठ कातडीवर राहतं, आणि हवेतला ओलावा ओढून घेणं हा मिठाचा धर्मच. कोरड्या रुमालाने वरवर पुसलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा तोच चिकटपणा येतो, तो या मिठामुळे.

आता चॉक. हातावर साचणाऱ्या थरात चॉकचा वाटा मोठा असतो. नाव चॉक असलं तरी क्यूला लावतो तो ठोकळा खडूचा नसतो. 1897 मध्ये विल्यम स्पिंक्स या बिलियर्ड्सपटूने आणि विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाने मिळून त्याचं पेटंट घेतलं. सिलिका आणि कुरुंदासारखे कठीण, खरखरीत कण त्यात असतात. टिप बॉलवरून घसरू नये हे त्याचं काम, म्हणजे पकड वाढवण्यासाठीच तो बनवलेला आहे. हीच भुकटी घाम आणि टाल्कममध्ये मिसळून तुमच्या अंगठ्याच्या खाचेत बसली, तर तिथंही ती पकडच वाढवणार. माझ्या हातावरचा तो करडा-निळा लगदा म्हणजे हेच मिश्रण होतं.

म्हणून चॉक लावताना क्यू सरळ उभा धरून डोक्यावर ठोकळा गरगर फिरवू नका. तसं केलं की भुकटी शाफ्टवरून, म्हणजे क्यूच्या पुढच्या भागावरून, खाली घसरते आणि पुढच्या शॉटला ती तुमच्या बोटांत येते. क्यू थोडा तिरपा, टेबलापासून बाहेर धरा, ठोकळा हलक्या हाताने टिपेवर ब्रशासारखा फिरवा, आणि झालं की शाफ्टवर एकदा कापड ओढा. चॉक ज्या हाताने लावता तो तुमचा क्यू धरायचा हात असू द्या. ब्रिजच्या हाताला निळं बोट लागता कामा नये. टेबलाच्या कापडातही चॉक असतोच. ज्या जागेवरून दिवसभर सगळे ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारतात तिथं पंजा टेकवला की तो निळा होऊनच उठतो. त्याला इलाज नाही, पण रुमाल जवळ ठेवायचं हे आणखी एक कारण.

क्यूकडे येते. तुमचा क्यू स्वतःचा आहे की क्लबचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. क्लबचा असेल तर शंभर हातांचा घाम त्यावर वाळलेला आहे, आणि तो खेळण्याआधी पुसून घेणं एवढंच तुमच्या हाती आहे. चार क्यू काढून पुढच्या भागावरून बोटं फिरवा, ज्यावर खड्डे आणि खरखर कमी तो घ्या. सरळ आहे की नाही हे सगळे बघतात, बोटांखाली कसा लागतो हे फार कमी लोक बघतात.

स्वतःचा लाकडी क्यू असेल तर एक संध्याकाळ त्याला द्या. मऊ कापड पाण्यात बुडवून इतकं पिळा की ते हाताला ओलं लागण्यापेक्षा गार लागेल. मग शाफ्टचा पुढचा भाग, जो तुमच्या बोटांतून जातो तो, लांबीच्या दिशेने पुसा. कापड काळपट निघेल, तेव्हा दोन वर्षांचा घाम आणि चॉक डोळ्यांना दिसेल. टिपेच्या चामड्याला पाणी लागू देऊ नका. ओल्यापाठोपाठ लगेच कोरडं कापड फिरवा, पाणी लाकडात मुरायला वेळ मिळता कामा नये. एवढं करूनही पाण्यामुळे लाकडाचे बारीक तंतू थोडे उभे राहतात आणि क्यू आधीपेक्षा खरखरीत वाटतो. घाबरू नका. साध्या कोऱ्या कागदाची घडी किंवा चामड्याचा तुकडा शाफ्टभोवती धरून जोराने, भरभर पुढेमागे घासा, हाताला ऊब जाणवेपर्यंत. त्या उबेने आणि दाबाने तंतू बसतात आणि लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं. मग दर खेळानंतर मायक्रोफायबर कापडाने पुसून ठेवलंत तर ही मोठी साफसफाई क्वचितच करावी लागेल.

सँडपेपर मात्र हातात घेऊ नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. मेपलच्या शाफ्टवर एकदा सँडपेपर मारला की तो मस्त सरकतो, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा मारावासा वाटतो, आणि दर वेळी लाकूड जातं. वर्षभरात शाफ्ट बारीक होतो, त्याचा आकार बदलतो आणि तो बदल परत आणता येत नाही. शिवाय ताजं घासलेलं लाकूड उघडं पडल्यामुळे घाम जास्त पितं. कार्बन फायबरचा शाफ्ट असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. तो कापडाने, फार तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसणीने पुसला की काम झालं.

आता बोटांचं कडं.

बंद ब्रिज तुम्ही का करता, हे एकदा स्वतःला विचारा. बहुतेकांना सुरुवातीला कुणीतरी सांगितलेलं असतं की असाच करायचा, तसा केला की क्यू पक्का राहतो. ताकदीचे शॉट, पांढरा बॉल जोरात मागे खेचायचा असतो तेव्हा, किंवा ब्रेक, अशा वेळी बंद ब्रिजचा फायदा आहेच. पण त्यात क्यू चारी बाजूंनी कातडीने वेढलेला असतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिघांचीही घासट. उघड्या ब्रिजमध्ये क्यू अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेत नुसता टेकलेला असतो, वरून काहीच नाही. स्नूकरचे खेळाडू जवळजवळ सगळे उघड्याच ब्रिजवर खेळतात, 9-10 मिलिमीटरच्या बारीक टिपेने, आणि पूलपेक्षा कितीतरी मोठ्या टेबलावर. नेमकेपणासाठी कडं लागतंच, ही समजूत त्यांच्याकडे बघून सोडून देता येईल.

तुम्ही दोन महिने साधे, मऊ, सरळ शॉट उघड्या ब्रिजवर खेळून बघा. पहिले काही दिवस क्यू वर उडतोय असं वाटेल. तो उडत असेल तर ती तुमच्या उजव्या हाताची बातमी आहे, आणि इतके दिवस कडं ती झाकत होतं. शॉट संपायच्या आधी कोपर खाली पडलं की क्यूचं टोक वर जातं आणि वरच्या बोटाला दाबतं. क्यूचा मागचा भाग गरजेपेक्षा उचलून धरला की पुढचा भाग खाचेत दाबला जातो. दोन्ही वेळा घर्षण वाढतं, आणि हात कोरडा असला तरी क्यू "चिकटला" असं वाटतं. मी स्वतः कितीतरी महिने कोरड्या हाताला दोष देत होते, आणि पडत होतं कोपर. कुशनमुळे, म्हणजे टेबलाच्या उंच कडेमुळे, जेवढा उचलावा लागतो तेवढाच उचला, बाकी क्यू टेबलाला शक्य तेवढा समांतर ठेवा.

जिथं बंद ब्रिज हवाच, तिथं कडं किती घट्ट, हे तपासायची एक सोपी रीत आहे. शॉटसाठी वाका, ब्रिज बांधा, आणि मागून मित्राला क्यू हलकेच खेचायला सांगा. क्यू सुळकन निघाला पाहिजे आणि तुमची बोटं जागची हलता कामा नयेत. बोटं क्यूबरोबर मागे गेली तर कडं आवळलेलं आहे. आता हेच सामन्यातल्या महत्त्वाच्या शॉटच्या वेळी करून बघा, म्हणजे कधी खेचणार हे तुम्हाला न कळवता खेचायला मित्राला सांगून ठेवा. माझी खात्री आहे, तिथं फरक दिसेल. दडपण आलं की आपण सगळं घट्ट धरतो, दात, खांदे, आणि बोटंसुद्धा. ज्या वेळी घाम जास्त, त्याच वेळी कडं घट्ट. उपांत्य फेरीत हे दोन्ही एकत्र आले असणार.

घट्टपणा कुठं हवा, हेही सांगते. पंजा टेबलाशी पक्का हवा. तळहाताची टाच आणि करंगळीकडची बोटं कापडात रोवलेली, पसरलेली. ब्रिज हलू नये ही जबाबदारी त्यांची. क्यूला धरणारी दोन बोटं मात्र सैल, नुसती वाट दाखवणारी. नवे खेळाडू नेमकं उलट करतात, पंजा टेबलावर अलगद आणि बोटं क्यूवर घट्ट. अंतराचंही बघा: ब्रिजपासून पांढऱ्या बॉलपर्यंत वीसेक सेंटिमीटर पुष्कळ झाले. ब्रिज लांब ठेवला की क्यूचा जास्त भाग बोटांतून जातो. काही शाफ्ट टोकापासून तीसेक सेंटिमीटरपर्यंत जवळपास एकाच जाडीचे असतात, काही मात्र टोकापासूनच जाड होत जातात. तुमचा दुसऱ्या प्रकारचा असेल तर मागे असताना बरोबर वाटणारं कडं क्यू पुढे जाताजाता आपोआप आवळतं, आणि अडखळ नेमकी बॉलला भिडताना होते. क्यू बदलायची गरज नाही, कडं थोडं मोठं करा.

इतकं सगळं केल्यावरही पावडरीची गरज उरली तर? मी ती पूर्ण सोडली, पण तुम्ही सोडलीच पाहिजे असं नाही. पूलच्या जागतिक नियमांतही माफक पावडरीला परवानगी आहे. फक्त माफक म्हणजे किती, ते सांगते: बोटाच्या टोकावर मावेल इतकी, अंगठ्याच्या खाचेत आणि तर्जनीच्या आतल्या बाजूला, आणि मग दुसऱ्या हाताने चोळून जवळजवळ पुसून टाकायची. तळहाताला अजिबात नाही, तळहात क्यूला लागतच नाही. तो टेबलाला लागतो आणि पांढरे पंजे तिथूनच उमटतात. कोरड्या, नुकत्याच धुतलेल्या हातावरच लावा. घामेजल्या हातावर लावलेल्या पावडरीचा लगदाच होतो, आणि टेबलाशेजारी उभं राहून तर लावूच नका.

व्यवस्थापकांबद्दल. सगळ्यांसमोर सुनावलं याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते साहजिक आहे, त्यांनी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण त्यांची तक्रार खरी आहे. टाल्कम कापडाच्या विणीत शिरतं, ब्रशने पूर्ण निघत नाही, बॉलला लागतं, आणि दमट हवेत त्याचे डाग धरतात. त्यांच्याकडे जाऊन "टेबलाशी पावडर लावणं मी बंद केलं आहे" एवढं सांगा, आणि खेळ संपल्यावर एकदा टेबलावर ब्रश फिरवून द्या. तुम्हाला पुढची कित्येक वर्षं त्याच टेबलावर खेळायचं आहे.

ग्लव्हबद्दल माझं मत सरळ आहे: घ्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट झाकणारा, ताणला जाणारा, पातळ कापडाचा असतो. डाव्या हाताचाच बघून घ्या, मापात अंगासरशी बसणारा. ढिला असेल तर कापडाच्या सुरकुत्यांत क्यू अडकतो, आणि खाचेत जाड शिवण असेल तर तीच टोचत राहते. पहिले चार-पाच दिवस क्यू इतका सुळसुळीत जाईल की अंदाज चुकेल, बॉल हव्यापेक्षा पुढे पळतील. तेवढा वेळ सामन्यात वापरू नका. मग तो धुवा, नियमितपणे धुवा. घामाने आणि चॉकने भरलेला ग्लव्ह चिकट हाताइतकाच वाईट. आणि तुमच्या हसणाऱ्या मित्रांना सांगा, अर्ल स्ट्रिकलंडने नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराचं जागतिक विजेतेपद 1990, 1991 आणि 2002 असं तीनदा जिंकलंय, आणि तो ग्लव्ह घालून खेळणारा म्हणूनही ओळखला जातो. ग्लव्हने कुणी मोठा होत नाही हे खरं आहे, पण क्यू सरकला तर तुमचं लक्ष हातातून सुटून बॉलवर जाईल, आणि मला तेवढंच हवं आहे.

पत्रात नाही, पण विचारून ठेवते. खेळत नसतानाही तुमचे तळवे सतत ओले असतात का, लिहिताना कागद भिजतो का, हस्तांदोलन टाळता का? तसं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. अतिघाम हा ओळखीचा त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत. नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

राहिला तो आठ नंबर. क्यू अडखळतोय हे तुम्हाला शॉटच्या आधीच्या फेऱ्यांमध्येच कळलं असणार. क्यू पुढेमागे करताना बोटांनी सांगितलं असेल, आणि तुम्ही "आता वाकलोय तर मारूनच टाकू" म्हणून मारला असेल. मीही कितीदा असं केलं आहे. पुढच्या वेळी उभे राहा. पूर्ण उभे, क्यू टेबलावरून बाजूला. रुमाल काढा, आधी हात, मग शाफ्ट पुसा, बोटं दोनदा उघडझाप करा आणि शॉटकडे पहिल्यांदाच बघतोय असं बघून पुन्हा वाका. यात अर्धं मिनिटही जात नाही. शॉटवर घड्याळ असलेली स्पर्धा असेल तर हे चॉक लावतानाच उरका.

घरी सरावासाठी टेबल लागत नाही. बारीक तोंडाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली एखाद्या मेजावर आडवी ठेवा, तोंड तुमच्याकडे. ब्रिज बांधा आणि क्यूचं टोक कडेला न लागता बाटलीच्या तोंडात घाला, बाहेर काढा, पुन्हा घाला. रोज पाच मिनिटं उघड्या ब्रिजवर, पाच मिनिटं बंद. हात मुद्दाम किंचित ओला करूनही एकदा करून बघा. टोक कडेला लागल्याचा आवाज कधी येतो ते ऐका: मागून पुढे येताना सुरुवातीलाच, की अगदी शेवटी. सुरुवातीला येत असेल तर चिकटपणा आहे, शेवटी येत असेल तर कडं आवळतंय किंवा कोपर पडतंय.

महिन्याभराने मला लिहा. अदलाबदलीत काय निघालं ते आधी कळवा, कुणाचा क्यू कुणाच्या हातात अडखळला ते.